आवाज करू नका, आवाज द्या

टोकियोत राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. आमचं घर निशी-कासाईला. इथे संध्याकाळी स्टेशनबाहेर पाच मिनिटं उभं राहिलात, तर हिंदी, तेलुगू, तमिळ आणि नशीब असेल तर मराठीही कानावर पडते. मी कॉम्प्युटर इंजिनीअर, नोकरी सॉफ्टवेअरची. पाच दिवस स्क्रीनसमोर बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन डोंगर गाठायचा, हा कोरोनाच्या काळात लागलेला नाद अजून सुटलेला नाही.

याच नादापायी ऑक्टोबर २०२२ मध्ये माझ्यामुळे एक बाई घोड्यावरून पडल्या. बरेच दिवस ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगितली नव्हती. आज सांगतोय, कारण त्या एका प्रसंगामुळे आमच्या घरातली सत्तावीस वर्षांपूर्वीची एक भानगडही मिटली.

शिंजुकुहून एक्स्प्रेस पकडली की साधारण दोन तासांत कोबुचिझावा येतं. सायकल ट्रेनमध्ये तशीच नेता येत नाही. चाकं काढायची, सगळं एका मोठ्या पिशवीत भरायचं आणि उतरल्यावर पुन्हा जोडायचं. यामानाशी प्रांतातलं हे गाव यात्सुगाताके डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. स्टेशनच समुद्रसपाटीपासून जवळजवळ ९०० मीटरवर, त्यामुळे उन्हाळ्यातही हवा छान. आणि गावाची ओळख म्हणजे घोडे. इथे घोडेस्वारीचे क्लब आहेत, प्रांताचं स्पर्धांचं मैदान आहे. जुन्या काळी या प्रांताला 'काई' म्हणत आणि काईचे घोडे सगळ्या जपानात नावाजलेले. सोळाव्या शतकातला इथला सरदार ताकेदा शिंगेन याच्या घोडदळाचा मोठा दरारा होता. सैन्य झपाट्यानं उत्तरेकडे नेता यावं म्हणून त्यानं जंगलातून सरळसोट वाट पाडली, असं परंपरेनं सांगतात. तिला 'बोमिची' म्हणतात, म्हणजे काठीसारखी सरळ वाट. तिचा काही भाग अजून शाबूत आहे. लोक त्यावरून पायी फिरतात आणि घोडेही जातात.

माझा अपघात झाला तो त्याच परिसरातल्या एका लहान जंगलवाटेवर. वाट उताराची, पानगळीची ओली पानं पसरलेली. चांगल्या सायकलचा मोठा दोष हा, की तिचा आवाजच येत नाही. एक वळण घेतलं आणि समोर दोन घोडे दिसले, पाठमोरे, संथ चालीनं चाललेले. पुढच्या घोड्यावर क्लबचे प्रशिक्षक, मागच्यावर पासष्टीच्या आसपासच्या एक बाई. मी वेग कमी केला. वाट बऱ्यापैकी रुंद होती. म्हटलं, उगाच कुणाला त्रास नको, बाजूने हळूच निघून जाऊ.

बेल वाजवली नाही. त्यामागेही कारण होतं. समोरच्याला बाजूला करायला सायकलची बेल वाजवायची नाही, असा इथला नियमच आहे. पाटी लावलेल्या जागी वाजवायची, नाहीतर धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा. जपानला नवीन असताना मी एकदा फुटपाथवर बेल वाजवली होती. लोकांनी वळून जे पाहिलं ते अजून लक्षात आहे. ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही, घरात रात्री पाय आपटायचे नाहीत. तीन वर्षांत मी एवढं नक्की शिकलो होतो, की इथे गप्प राहणं म्हणजे सभ्यपणा.

मी घोड्याच्या मागच्या पायांच्या रेषेत आलो आणि त्याला माझा पत्ता लागला. चार-पाचशे किलोंचं ते जनावर एका क्षणात आडवं उडालं. आपल्याकडे 'घोडा बुजला' म्हणतात, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. घोडा एका बाजूला गेला, बाई दुसऱ्या बाजूला, बुटक्या बांबूच्या झुडपात. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. मनगटाचं हाड मात्र मोडलं.

प्रशिक्षकांनी आधी घोडा धरला, मग बाईंकडे धावले. आधी घोडा का, असं मला क्षणभर वाटलं. नंतर समजलं, की सुटलेला घोडा पुढे आणखी कुणालातरी तुडवू शकतो. सगळं जरा शांत झाल्यावर ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "तुम्ही आवाज का दिला नाहीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अपघात झाला की पोलिसांना कळवावं लागतं. फोन केला. आलेल्या पोलिसाने शांतपणे कागद भरायला घेतला. भरता भरता म्हणाला, कायद्याच्या नजरेत तुम्ही दोघेही एकाच वर्गातले आहात. जपानच्या १९६० च्या रस्ता वाहतूक कायद्यात सायकल, हातगाडी, बैल आणि घोडा हे सगळे 'हलकी वाहनं' या एकाच गटात येतात. घोड्यालाही रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावं लागतं, सिग्नल पाळावा लागतो आणि दारू पिऊन घोडा चालवणं हाही गुन्हा आहे. एरवी मी यावर खूप हसलो असतो. पण कायद्यानं एका गटात टाकलं, म्हणून सायकल आणि घोडा एकमेकांना ओळखायला लागतात थोडेच! आमच्या धंद्यात दोन सिस्टिम्स जोडताना त्या आधी एकमेकींना हाक देतात, समोरून उत्तर आलं की मगच पुढचं काम. मी हाक न देता थेट आत घुसलो होतो.

दवाखान्याचा खर्च माझ्या सायकल विम्यातून झाला. टोकियोत एप्रिल २०२० पासून सायकलचा विमा सक्तीचा आहे. मी तो केवळ नियम म्हणून काढला होता. पण इथे पैशाने माफी होत नाही. चांगल्या दुकानातून खाऊचा बॉक्स घ्यायचा, नीट कपडे घालायचे, दारात उभं राहून कमरेत वाकायचं आणि आपल्या तोंडाने चूक कबूल करायची, ही इथली रीत. पंधरा दिवसांनी तसा गेलो. बायकोने माझी वाक्यं तीनदा घोकून घेतली होती.

बाईंच्या हाताला प्लास्टर होतं. चहा देऊन म्हणाल्या, "माझं मनगट बरं होईल. पण तो घोडा आता सायकल दिसली की थरथरतो. त्याचीही माफी मागायला जाल का?"

पुढच्या रविवारी क्लबच्या तबेल्यात हजर झालो. प्रशिक्षकांनी मला सकाळभर कामाला लावलं. लीद काढली, गवत टाकलं आणि मधून मधून ते घोड्याबद्दल सांगत राहिले. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला आजूबाजूचं जवळजवळ ३५० अंश दिसतं. दिसत नाही ते अगदी नाकासमोरचं थोडं आणि थेट शेपटीमागचं. मी नेमका त्या मागच्या अंधारातून आलो होतो. दुसरं म्हणजे घोडा हे शिकार होणारं जनावर. शंका आली की आधी पळायचं आणि मग विचार करायचा, म्हणूनच त्याची जात टिकली. पाठीवर मोठी सॅक, हातात छत्री, डोक्यावर हेल्मेट असलेला प्राणी म्हणजे माणूस, हे त्याला लगेच उमगेलच असं नाही. पण तोच प्राणी बोलला, की घोड्याला ओळख पटते. म्हणून बोलायचं. काय बोलता याला महत्त्व नाही. 'कोन्निचिवा' म्हणा, मराठीत बोला, चालेल. मात्र बेल नको, शिट्टी नको, टाळी नको.

मग त्यांनी माझी सायकल रिंगणात आडवी ठेवायला सांगितली आणि त्या घोड्याला आणलं. तो लांबच थांबला, कान टवकारून. दहा मिनिटांनी दोन पावलं पुढे आला. अर्ध्या तासाने त्याने सीट हुंगलं. पुढच्या खेपेला मी सायकल हातात धरून चालवली, त्यानंतर हळू फेऱ्या मारल्या, आधी समोरून आणि मग मागून. दर वेळी लांबूनच बोलत. मी काय बोलत होतो? खरं सांगतो, रामरक्षा. लहानपणापासून पाठ असलेलं आणि न अडखळता येणारं तेवढंच होतं. चौथ्या रविवारी मी मागून आलो तेव्हा त्याने फक्त एक कान माझ्याकडे वळवला आणि गवत खात राहिला. त्या कानाने मला जेवढं बरं वाटलं, तेवढं कुठल्याही प्रमोशनने वाटलेलं नाही.

घोडेस्वारांनाही नियम असतात, हे मी तिथेच पाहिलं. पायी माणूस दिसला की घोडा चालीवर आणायचा. आधी नमस्कार करायचा, जाताना आभार मानायचे. समोर लहान मूल किंवा कुत्रा असेल, तर सरळ थांबून त्यांना जाऊ द्यायचं. डांबरी रस्त्यावर लीद पडली, तर क्लबचा माणूस फावडं आणि बादली घेऊन परत जायचा. "लोकांना घोड्याचा राग नसतो," प्रशिक्षक म्हणाले, "मागे राहिलेल्या लिदीचा आणि वरून न बोलता गेलेल्या स्वाराचा असतो."

वाटेवरची ही भांडणं फक्त घोड्यांची नाहीत. टोकियोजवळच्या ताकाओ डोंगराची उंची जेमतेम ५९९ मीटर, पण तिथे वर्षाला लाखोंनी माणसं येतात. आजोबा काठी टेकत चढताहेत आणि बाजूने ट्रेल रनर सुसाट गेला, यावरून धुसफूस वाढली. शेवटी २०१५ मध्ये टोकियो महानगर प्रशासनाने आपल्या डोंगरवाटांसाठी नियम केले: चालणाऱ्याजवळून जाताना पळू नका, चाला. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये वाहतुकीची नियमावली सुधारली. तिथे घोड्याला ओलांडताना गाडीचा वेग ताशी १० मैल, म्हणजे १६ किलोमीटरच्या आत हवा आणि किमान २ मीटर अंतर हवं. अमेरिकेत अनेक जंगलवाटांच्या तोंडाशी एक पिवळी त्रिकोणी पाटी असते. सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोड्याला वाट द्यायची, चालणाऱ्याने घोड्याला. सगळ्यांनी घोड्याला वाट द्यायची ती त्याचा मान मोठा म्हणून नव्हे. बाकी सगळ्यांना स्वतःला आवरता येतं, घाबरलेल्या घोड्याला येत नाही, म्हणून.

जपानच्या जुन्या वाटांवर एक दगडी मूर्ती जागोजागी दिसते. बातो कान्नोन, डोक्यावर घोड्याचं मस्तक असलेली करुणेची देवता. तिचं मूळ आपल्या हयग्रीवात. वाटेवर ओझं वाहताना घोडा मेला, की गावकरी तिथे हा दगड उभा करत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सुखरूप प्रवासासाठीही त्याला हात जोडत. त्या हिवाळ्यात अशा एका दगडासमोर उभा असताना मला माथेरान आठवलं.

मे १९९८. मी दहा वर्षांचा. डोंबिवलीहून आम्ही आणि आत्याचं कुटुंब मिळून माथेरानला गेलो होतो. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडली. तिथून पुढे मोटारीला बंदी, त्यामुळे आईसाठी घोडा केला. घोडेवाला दोर धरून पुढे, आम्ही पोरं मागे. माझ्या हातात वेफर्सचं रिकामं पाकीट होतं. मी ते फुगवलं आणि घोड्याच्या मागे फोडलं. घोडा उधळला, आई पडली, कपाळाला चार टाके. घोडेवाल्यानेच धावपळ करून तिला दवाखान्यात पोचवलं. बाबा त्याच्यावर एवढे भडकले की विचारू नका. "घोडा शिकवलेला नाही आणि माणसं बसवता?" तो एवढंच म्हणत होता, "साहेब, मागून कायतरी वाजलं." बाबांनी त्याला एक पैसा दिला नाही. मी पाकीट खिशात कोंबून गप्प उभा होतो.

तेव्हाही गप्पच.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर मी आई-बाबांना सगळं सांगितलं. कोबुचिझावाचंही आणि माथेरानचंही. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "मला माहीत होतं रे. तुझ्या चड्डीच्या खिशातून ते पाकीट मीच काढून टाकलं. तेव्हा सांगितलं असतं, तर यांनी तुला तिथेच बडवला असता."

बाबा आईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्या माणसाचे पैसे द्यायचे राहिले."

गेल्या डिसेंबरात भारतात गेलो तेव्हा बाबांनी स्वतःच माथेरानचा विषय काढला. खिशात पाकीट घेऊन निघाले. नाव माहीत नाही, चेहरा आठवत नाही, घोड्याचं नाव राजा होतं एवढंच डोक्यात. दस्तुरीला चौकशी केली, तर दर तिसरा घोडा राजा!

माथेरानमध्ये आता बरंच बदललं आहे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी जगाच्या नजरेस आणलेल्या या डोंगरावर इतकी वर्षं पाय, घोडा, हातरिक्षा आणि १९०७ पासूनची छोटी रेल्वे, एवढीच साधनं होती. डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढणारी हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितली, आणि ते योग्यच झालं. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यांचा वादही न्यायालयापर्यंत गेला. घोडेवाल्यांना पोटाची काळजी आहे, रिक्षावाल्यांनाही आहे. दम लागणाऱ्या आजीला ई-रिक्षा हवी आहे आणि शाळेत जाणाऱ्या स्थानिक पोरांनाही. यात कुणी एक खरा आणि बाकीचे खोटे, असं मला तरी म्हणता येणार नाही.

पण त्याच लाल मातीच्या रस्त्यावरून हे सगळे एकत्र जाणार आहेत, हे नक्की. आम्ही पंचविशीतल्या एका घोडेवाल्याशी बोलत होतो. तेवढ्यात मागून ई-रिक्षा आली, अजिबात आवाज न करता, माझ्या सायकलसारखी. त्याच्या घोडीने अंग चोरलं. त्याने मानेवर हात ठेवून तिच्याशी दोन शब्द बोलून तिला सावरलं. बाबांनी सगळा किस्सा सांगून पाकीट पुढे केलं. "कुणाला द्यायचे ते तुम्हीच ठरवा," म्हणाले.

त्याने घेतलं नाही. म्हणाला, "काका, ते आता कोण कुठे असतील. त्यापेक्षा तुमच्याबरोबरच्या पोरांना सांगा. मागून येताना आवाज करू नका, आवाज द्या."

कोबुचिझावाला मला जे शिकायला चार रविवार लागले, ते त्याने एका वाक्यात सांगितलं. बाबांनी मग तासाभराची फेरी ठरवून माझ्या लेकीला घोडीवर बसवलं आणि ठरल्यापेक्षा जास्त पैसे त्याच्या हातात कोंबले. एवढे मात्र त्याने हसून घेतले.

म्हणून तुम्हाला एक विनंती. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी, जिथे कुठे घोडे असतील तिथे गेलात, तर एवढं लक्षात ठेवा. मागून जायचं असेल तर लांबूनच बोला, उत्तर मिळालं की हळू पुढे जा. समोरून घोडा आला तर वाटेच्या बाजूला थांबा, पण झाडामागे लपू नका, त्याला दिसाल असे उभे राहा. उतार सौम्य असेल तर खालच्या बाजूला थांबलेलं बरं, कारण वरच्या अंगाला उभं असलेलं काहीही घोड्याला झडप घालणाऱ्या जनावरासारखं वाटू शकतं. कडा असेल तर मात्र आधी स्वतःचा जीव सांभाळा. मुलांच्या हातातली पाकिटं आणि फुगे आधी काढून घ्या. छत्री अचानक उघडू नका. आणि काही वेडंवाकडं झालंच, तर घोडेवाल्यावर ओरडण्याआधी आपल्या मागे कोण चाललं होतं ते बघा. दस्तुरी नाक्यावर मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजीत चार ओळींची एक पाटी लागली, तर खर्च फार येणार नाही.

परतताना समोरून दोन घोडे येत होते. बाबा आता सत्तरीचे, गुडघे कुरकुरतात. पण आमच्यापुढे चार पावलं जाऊन ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "या, या, आम्ही इथे थांबलोय!"

घोड्याने एक कान वळवला आणि शांतपणे पुढे निघून गेला.